तेरीज जुळली तरी : वाणिज्य आणि संगणक यांच्या जोडपदवीविषयी

बारावीचा निकाल लागला की सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावात महिनाभर एकाच विषयावर खल चालतो. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांचे मार्ग गुणांनीच ठरवलेले असतात. खरा पेच असतो तो मधल्या मुलामुलींचा. ज्यांनी वाणिज्य शाखा घेतली, किंवा विज्ञान घेतले पण ते जड गेले, त्यांच्या घरात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक : नुसते बीकॉम करून काय होणार, कॉम्प्युटरचे काहीतरी घे. दुसरे : नुसत्या कॉम्प्युटरचा काय भरवसा, हिशोब येत असला की कुठेही पोट भरते. दोन्ही वाक्यांत तथ्य आहे. त्या दोहोंची बेरीज करूनच महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी वाणिज्य आणि संगणक यांची जोडपदवी उभी केली. तीन वर्षे, सहा सत्रे. काही विषय व्यापाराचे, काही यंत्राचे.

मात्र दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे त्या जोडल्या जातात असे नाही. बैल दोन आणले तरी जू लागतेच. या पदवीचे जू कोणते, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की ते जू म्हणजे आपल्या बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कीर्द-खतावणी. ही गोष्ट विद्यार्थ्याला कळली तर पदवीच्या दोन्ही बाजू त्याला उजळून दिसतात. न कळली तर तीन वर्षांनंतर त्याच्या हाती फक्त नोंदी भरण्याचे काम येते.

एक पदवी, अनेक नावे

आधी नावांचा गुंता सोडवू, कारण पालकांची पहिली फसगत तिथेच होते. सिल्लोडचे ठिकाणच असे आहे की तीन विद्यापीठांच्या सीमा इथून फार लांब नाहीत. तालुका छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, म्हणून २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेल्या आणि १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत. उत्तरेला अजिंठ्याचा घाट उतरून जळगाव जिल्ह्यात गेले की उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. ते १९९० मध्ये पुणे विद्यापीठातून वेगळे निघाले आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखले जाते. पूर्वेला भोकरदन ओलांडून बुलढाणा जिल्हा गाठला की १९८३ चे अमरावती विद्यापीठ. तालुक्यातला मुलगा मामाच्या, आत्याच्या गावी राहून शिकायचे म्हणतो तेव्हा घर बदलता बदलता त्याचे विद्यापीठही बदलते, आणि विद्यापीठ बदलले की पदवीचे नाव आणि विषयांची वाटणीही बदलू शकते.

नावे कशी बदलतात याचे उत्तम उदाहरण पुण्याचे. तिथे वाणिज्य विद्याशाखेखाली बीसीए चालत असे आणि विज्ञान विद्याशाखेखाली वेगळे बीसीए. अक्षरे तीच, घर वेगळे. पुढे वाणिज्याच्या बाजूचे नाव बीबीए-सीए असे झाले. नागपूरला हीच कल्पना बीसीसीए या नावाने नांदते, म्हणजे थेट वाणिज्याची पदवी, पण संगणक-उपयोजनाची. पदव्युत्तर पातळीवर एमसीएम नावाची पदवी पुणे-नागपूरकडे बरीच वर्षे चालली. त्यातला शेवटचा 'एम' व्यवस्थापनाचा. याखेरीज बीएस्सी संगणकशास्त्र आहे, पण त्यात व्यापाराचा भाग जवळपास नसतो. गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स असते.

तेव्हा नाव ऐकून भुलू नये, ती पदवी कोणत्या विद्याशाखेच्या घरात वाढली ते पाहावे. वाणिज्याच्या घरातली असेल तर लेखांकन, व्यवस्थापन, सांख्यिकी यांच्या जोडीला प्रोग्रॅमिंग आणि डेटाबेस येतात. विज्ञानाच्या घरातली असेल तर तोल यंत्राकडे झुकतो.

२०२४ मध्ये या गुंत्यात आणखी एक पीळ पडला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून बीबीए, बीसीए आणि बीएमएस या पदव्या आपल्या कक्षेत घेतल्या. तोवर त्या विद्यापीठांच्या साध्या पदव्यांत मोडत. बारावीची गुणपत्रिका घेऊन जायचे आणि प्रवेश घ्यायचा. आता महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा आली. पहिल्याच वर्षी ही बातमी गावोगाव वेळेवर पोचली नाही. राज्यात जागा लाखाच्या वर आणि परीक्षा देणारे त्याच्या निम्म्याच्या आसपास अशी स्थिती झाली, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा एक परीक्षा घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी परिषदेच्या कक्षेबाहेर राहण्यासाठी अभ्यासक्रमाचे नावच बदलले. शहरातल्या मुलाला मित्रांकडून हे कळते. शिवन्याच्या किंवा अंभईच्या मुलीला कळेपर्यंत अर्जाची तारीख उलटून गेलेली असते.

या बदलाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये असा निर्णय घेतला की, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. म्हणजे प्रवेश परीक्षेचा जो उंबरठा अडचणीचा वाटतो, तोच ओलांडून सवलतीच्या घरात शिरता येते. बदललेल्या नावाच्या अभ्यासक्रमाला परीक्षेशिवाय प्रवेश मिळत असेल, तर ही सवलत त्याला लागू आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे.

संगणकाला हिशोबानेच बाजारात आणले

संगणक म्हणजे विज्ञानाची गोष्ट आणि हिशोब म्हणजे वाण्याची गोष्ट, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. इतिहास वेगळे सांगतो. कार्यालयातले नित्याचे काम करणारा जगातला पहिला संगणक कोणा प्रयोगशाळेने नव्हे, तर लंडनच्या एका चहावाल्या कंपनीने उभा केला. जे. लायन्स ही कंपनी चहाची दुकाने आणि बेकरी चालवत असे. रोज हजारो लहान व्यवहार, प्रत्येकी चार-आठ आण्यांसारखा नफा, आणि त्यांचे हिशोब ठेवणाऱ्या कारकुनांची फौज. तिने केंब्रिजच्या यंत्राचा आदर्श समोर ठेवून 'लिओ' नावाचा संगणक बनवला, आणि १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाच्या किमतीचे साप्ताहिक हिशोब सुरू झाले. १९५९ मध्ये अमेरिकेत जी कोबॉल भाषा आकाराला आली, तिच्या नावातच ती धंद्यासाठीची सामाईक भाषा असल्याचे नमूद आहे.

आपल्या देशातही तसेच झाले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्ये सुरू झाली. पुढे जगभर नाव काढणाऱ्या या कंपनीची सुरुवातीची कामे कोणती होती? टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी पंचकार्डांवरची नोंदणी, युनिट ट्रस्टसाठी कार्यालयीन आकडेमोड आणि सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांमधल्या नोंदींचा ताळमेळ. एका शाखेने दुसरीच्या नावे टाकलेली रक्कम दुसरीकडे जमा झाली का, हे शोधायचे. सगळे काम कीर्द-खतावणीचे. पुढे १९८० च्या दशकात डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालच्या दोन समित्यांनी बँकांच्या संगणकीकरणाची दिशा आखली. त्याच दशकात, १९८२ मध्ये, एमसीए ही पदवी भारतात सुरू झाली. प्रा. व्ही. राजारामन यांनी तिचा पाठपुरावा केला होता. त्यामागचा विचार साधा होता : देशाला यंत्र बनवणारे थोडे लागतील, पण यंत्र कचेरीच्या कामाला जुंपणारे पुष्कळ लागतील.

१९८६ मध्ये श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी जी कंपनी काढली, तिचे टॅली आज सिल्लोडच्या बाजारातल्या खतांच्या दुकानापासून करसल्लागाराच्या कचेरीपर्यंत सगळीकडे आहे. वडिलांना आपल्या धंद्याचा हिशोब ठेवायला बाजारात मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलाने ते लिहिले. धंदा जाणणारा बाप आणि प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा ही जोडी एका घरात होती, म्हणून ते जमले. जोडपदवीची अपेक्षा अशी की हे दोघे एकाच माणसात यावेत.

दोनदा लिहावे की एकदा?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वाणिज्याच्या वर्गात पहिल्या महिन्यात शिकवतात : प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहा. एक खाते नावे, दुसरे जमा. इटलीच्या लुका पाचोलीने १४९४ मध्ये ही पद्धत छापील ग्रंथात मांडली. आपल्याकडे कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद ही शब्दांची साखळी जुन्या दफ्तरांपासून चालत आली. पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दी अभ्यासकांना परिचित आहेत. दिवसाची नोंद कीर्दीत, तिथून प्रत्येकाच्या खात्यावर खतावणीत, सगळ्या खात्यांच्या शिलकांची तेरीज, आणि शेवटी ताळेबंद.

संगणकाच्या वर्गात नेमके उलटे शिकवतात : कोणतीही गोष्ट दोन ठिकाणी लिहू नका. एडगर कॉड या संशोधकाने १९७० मध्ये संबंधाधिष्ठित डेटाबेसची कल्पना मांडली, आणि तिच्यावरून पुढे हा नियम रूढ झाला. शेतकऱ्याचा पत्ता दोन तक्त्यांत लिहिला, तर एकात बदलेल आणि दुसऱ्यात जुनाच राहील. म्हणून पत्ता एकदाच लिहायचा, शेतकऱ्याला एक क्रमांक द्यायचा, आणि बाकी सगळीकडे फक्त तो क्रमांक वापरायचा.

हुशार विद्यार्थ्याच्या मनात इथे प्रश्न उठायला हवा. एक सर म्हणतात दोनदा लिहा, दुसरे म्हणतात एकदाच. खरे कोणाचे? उत्तर असे की दोघांचेही. जुन्या खतावणीत दोन नोंदी होत्या, पण त्यांना बांधणारी एक खूणही होती. कीर्दीच्या पानावर 'खातेपान' नावाचा एक अरुंद रकाना असतो. ही रक्कम खतावणीच्या कितव्या पानावर गेली, तो आकडा त्यात लिहायचा. डेटाबेसमध्ये ज्याला एका तक्त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवणे म्हणतात, ते हेच. संगणकाने एवढेच केले की मुनीम हाताने जे खतवत असे, ते आपोआप होऊ लागले. नोंद एकदाच होते. खतावणी, तेरीज, ताळेबंद तीच नोंद वेगवेगळ्या बाजूंनी दाखवतात.

उदाहरण आपल्याच बाजाराचे घेऊ. सिल्लोड तालुक्यात मका, कपाशी आणि हिरवी मिरची ही हुकमी पिके. समजा, एका शेतकऱ्याने अडत्याकडून जूनमध्ये बियाण्यासाठी ५,००० रुपये उचल घेतली. ऑगस्टमध्ये त्याने ४ क्विंटल मिरची आणली, ती ३,००० रुपये भावाने विकली गेली. मालाचे १२,००० रुपये त्याच्या खात्यावर जमा आणि खरेदीदाराच्या नावे. हमाली-तोलाईचे २०० रुपये शेतकऱ्याच्या नावे. जूनची ५,००० उचल त्याच्या नावे होतीच. राहिले ६,८००, ते रोख दिले आणि त्याच्या नावे लिहिले. जमा १२,०००, नावे ५,००० अधिक २०० अधिक ६,८००. खाते बंद.

आता जूनमध्ये दुकानातल्या मुलाने उचलीची नोंद करताना शेतकऱ्याच्या खात्याऐवजी 'किरकोळ खर्च' हे खाते निवडले असे समजा. ५,००० एकीकडे नावे, ५,००० रोकडीत जमा. दोन्ही बाजू समान. तेरीज बिनचूक जुळेल. पण अडत्याचे येणे कागदावरून नाहीसे झाले आणि खर्च फुगला. किंवा असे समजा की गावात त्याच नावाचे आणि त्याच आडनावाचे दोघे आहेत, आणि उचल भलत्याच्या नावे पडली. तेरीज तेव्हाही जुळेल. ऑगस्टमध्ये ज्याने उचल घेतलीच नाही, त्याच्या पट्टीतून ५,००० रुपये कापले जातील. एकर-दीड एकराच्या शेतकऱ्याला पाच हजारांची कापणी म्हणजे पोळ्याचा सण कोरडा जाणे.

या दोन चुकांकडे नीट पाहा. पहिली लेखांकनाची : उचल म्हणजे खर्च नव्हे, येणे आहे, हे मुलाला कळले नाही. दुसरी डेटाबेसची : माणूस नावाने ओळखायचा नसतो, क्रमांकाने ओळखायचा असतो, हे खाती उघडणाऱ्याला सुचले नाही. पहिली पकडायला वाणिज्य लागते, दुसरी टाळायला संगणकशास्त्र लागते. एकाच दुकानात, एकाच वहीत दोन्ही घडतात.

मुनीमजी हाताने खतवत तेव्हा बेरीज चुकणे, आकडा उलटा पडणे, एकच बाजू लिहिली जाणे अशा चुका होत आणि तेरीज जुळत नसे. मग रात्री कंदील लावून चूक शोधायची. त्या शोधात इतर चुकाही नजरेस पडत. संगणकाने बेरजेच्या चुका संपवल्या, म्हणून तेरीज आता नेहमीच जुळते. समजेच्या चुका मात्र जिथल्या तिथे आहेत, आणि तेरीज जुळल्याने त्या अधिकच झाकल्या जातात. संगणक आला, आता हिशोब शिकायची गरज काय, असे विचारणाऱ्याला उत्तर हेच. बेरजेचे ओझे उतरले, पण कोणता व्यवहार कोणत्या खात्याचा हे ठरवण्याची जबाबदारी वाढली.

गावाचे नमुने आणि वर्गातली भिंत

हे केवळ दुकानाचे नाही. तलाठ्याच्या दफ्तरात गाव नमुन्यांची जी मांडणी आहे, ती डेटाबेस शिकवायला कोणत्याही इंग्रजी पुस्तकाइतकीच चांगली. नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी, वारस, बोजा असा प्रत्येक बदल आधी तिथे नोंदवला जातो. नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद; दोन्ही मिळून सातबारा. नमुना आठ-अ खातेदाराची सगळी जमीन एका जागी दाखवतो. फेरफार ही कीर्द, सातबारा ही गटाची खतावणी, आणि आठ-अ ही माणसाची. गट क्रमांक आणि खाते क्रमांक या दोन खुणा सगळ्यांना बांधून ठेवतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागला. म्हणजे शेतकऱ्याच्या घरातला मुलगा पदवीच्या वर्गात जाण्याआधीच एका मोठ्या डेटाबेसमध्ये नोंद करून आलेला असतो. वर्गात त्याला हे कोणी सांगत नाही.

सांगत नाही, कारण वर्गाच्या मध्ये भिंत आहे. पुणे विद्यापीठाच्या बीबीए-सीएच्या २०१९ च्या आराखड्यात आर्थिक लेखांकन आणि संबंधाधिष्ठित डेटाबेस हे दोन विषय एकाच, दुसऱ्या सत्रात आहेत. आराखडा करणाऱ्यांनी त्यांना शेजारी बसवले. पण शिकवणारे दोन, फळे दोन, परीक्षा दोन. लेखांकनाचे प्राध्यापक लागतात वाणिज्याच्या अर्हतेवर, संगणकाचे संगणकाच्या. डेटाबेसच्या तासाला उदाहरण असते कर्मचारी आणि विभाग यांचे, किंवा परदेशी पुस्तकातल्या पुरवठादारांचे. लेखांकनाच्या तासाला हाताने रकाने आखले जातात. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प ग्रंथालयाचा किंवा हॉटेलचा, आणि तोही पुष्कळदा तयार मिळालेला. ज्या गावात बाजार समिती, जिनिंग, पतसंस्था आणि कृषी सेवा केंद्रे आहेत, तिथला मुलगा न पाहिलेल्या हॉटेलचा प्रकल्प का करतो, हा प्रश्न विचारला पाहिजे.

दुसरी भिंत भाषेची. बारावीपर्यंत मराठी माध्यमाच्या मुलाने 'पुस्तपालन आणि लेखाकर्म' या विषयात रोजकीर्द, खतावणी, तेरीज पत्रक, ताळेबंद हे शब्द पक्के केलेले असतात. पदवीच्या वर्गात तेच शब्द जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, बॅलन्स शीट होऊन येतात, आणि सोबत प्रोग्रॅमिंगची पूर्ण नवी शब्दसृष्टी. जो विषय त्याला येतो तोही परका वाटू लागतो. गंमत अशी की आजोबांच्या वहीतले शब्द त्याला माहीत असतात आणि यंत्रातले तक्ते त्याच शब्दांनी समजावून देता येतात. खातेपान समजलेल्या मुलीला तक्त्यांमधला संबंध समजायला वेळ लागत नाही. यासाठी इंग्रजीला टाळायचे कारण नाही. नोकरी तिच्यावरच आहे. पण समज एका भाषेत झाली की दुसऱ्या भाषेत फक्त शब्द शिकावे लागतात.

तिसरी अडचण गणिताची. वाणिज्य शाखेत अकरावीला अनेक मुले गणित सोडतात. पुढे एमसीएला जाताना बारावीला किंवा पदवीला गणित असणे अपेक्षित असते; नसेल त्यांच्यासाठी जोड-अभ्यासक्रमाची सोय आहे. एमसीए २०२० पासून तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे, त्यामुळे पाया घालायला तिथे फारशी सवड मिळत नाही. गणित सोडायचा निर्णय सोळाव्या वर्षी होतो आणि त्याची किंमत एकविसाव्या वर्षी कळते.

काम कुठे आहे?

पदवी घेऊन पुढे काय, हा पालकांचा शेवटचा आणि सर्वांत रास्त प्रश्न. पुण्याच्या कंपन्यांचे स्वप्न सगळे दाखवतात. तिकडे जाणाऱ्यांनी जरूर जावे, पण अभियांत्रिकीच्या पदवीधरांशी स्पर्धा आहे हे जाणून जावे. जोडपदवीवाल्याची खरी जागा जिथे हिशोब आणि यंत्र एकमेकांत गुंतलेले आहेत तिथे आहे, आणि अशा जागा वाढत आहेत.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्याची मांडणीच अशी की विक्रेत्याने दाखवलेली विक्री खरेदीदाराच्या विवरणात उमटते. न उमटल्यास त्याला कराची वजावट मिळायला अडचण. म्हणजे सगळ्या देशाची एक प्रचंड दुहेरी नोंद. ती जुळवण्याचे काम दर महिन्याला गावोगावच्या करसल्लागारांकडे चालते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असेच लेखा-सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहते आणि ती पुसता येत नाही. कीर्दीत खाडाखोड चालत नाही, चुकले तर दुरुस्तीची वेगळी नोंद करायची, हा मुनीमजींचा नियम आता कायद्याने यंत्राला घातला आहे.

तिसरे उदाहरण सर्वांत जवळचे. गावची विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था, म्हणजे आपली सोसायटी. केंद्र शासनाने २०२२ मध्ये देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सभासदांची कर्जखाती, भाग भांडवल, वसुली, व्याज हे सगळे वहीतून एका सामाईक प्रणालीत आणायचे. हे काम नुसत्या यंत्र जाणणाऱ्याचे नाही. चाळीस वर्षांच्या वह्या वाचता आल्या पाहिजेत, मयत सभासदाचे कर्ज कोणत्या वारसाकडे गेले हे कळले पाहिजे, एकाच नावाचे चार खातेदार वेगळे ओळखता आले पाहिजेत. नुसत्या हिशोब जाणणाऱ्याचेही नाही. नव्या तक्त्यात जुनी नोंद कुठे बसते हे त्याला दिसत नाही. इथे झालेली एक चूक पुढे पिढीभर कोणाच्या तरी सातबाऱ्यावर बोजा होऊन बसू शकते.

नुसत्या नोंदी भरण्याच्या कामावर मात्र फार विसंबू नये. बिल पाहून आकडे उचलण्याचे काम यंत्र स्वतःच करू लागले आहे. आकडा बरोबर उचलला तरी तो योग्य खात्यात पडला का, हे विचारणारा माणूस लागणारच.

प्रवेश घेण्याआधी विचारायचे प्रश्न

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक, चौथे वर्ष केले तर ऑनर्स. मुख्य विषयासोबत दुय्यम विषय. त्यामुळे बीकॉमच्या विद्यार्थ्याला, महाविद्यालयात सोय असल्यास, संगणक हा दुय्यम विषय घेता येऊ शकतो. जोडपदवीची फी आणि प्रवेश परीक्षा जमली नाही तर हा दुसरा रस्ता आहे, आणि तो हलका समजू नये.

कोणताही रस्ता धरला तरी महाविद्यालयात जाऊन काही प्रश्न विचारावेत. पदवी कोणत्या विद्याशाखेची, आणि तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता चालू वर्षाची आहे का? प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास ठरलेले आहेत. ते तास प्रत्येक विद्यार्थ्याला यंत्रावर मिळतात, की चौघांत एक यंत्र आहे? संगणकाचे प्राध्यापक पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर, आणि सत्र सुरू होताना नेमले जातात की संपताना? गेल्या वर्षीच्या मुलांचे प्रकल्प कोणते होते, आणि त्यांतला एक तरी गावातल्या खऱ्या वहीवर उभा होता का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचे उत्तर महाविद्यालयाने दिले नाही तरी विद्यार्थी स्वतः देऊ शकतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सिल्लोडच्या पेठेत अजूनही वह्यांची पूजा होते. कुठे वहीशेजारी लॅपटॉपही असतो. ओळखीच्या एखाद्या दुकानदाराकडून जुन्या वर्षाची कीर्द मागून घ्यावी, नावे झाकून घ्यावीत, आणि एका महिन्याचे व्यवहार आपल्या हाताने तक्त्यांत मांडावेत. किती तक्ते लागतात? माणसाला क्रमांक कोण देणार? उचल कुठे बसवायची? परत आलेला माल कुठे? तेरीज आपोआप जुळेल. मग दुकानदाराला विचारावे की यातले काय खरे आहे आणि काय चुकले आहे. तो ज्या नोंदीवर बोट ठेवील, तिथून या पदवीचा अभ्यास सुरू होतो.